सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे झालं? बायकांच्या कॅन्सरच्या तपासण्या नीट कशा करून घ्यायच्या

वाशीत एका गायनॅक क्लिनिकच्या काउंटरवर मी बसते. केस पेपर काढायचे, वजन-बीपी घ्यायचं, नंबरप्रमाणे आत सोडायचं, त्यामुळे मॅडमच्या आधी बायका मलाच सगळं सांगून मोकळ्या होतात. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अगं मागच्या वर्षी सोनोग्राफी केली ना, सगळं नॉर्मल होतं." हे ऐकलं की मला काळजी वाटते, कारण सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर दिसत नाही, बाहेरच्या जागेवरचा तर नाहीच नाही. मी डॉक्टर नाही, पण कुठल्या त्रासाला कुठली तपासणी असते हे ठाण्या-नवी मुंबईतल्या प्रत्येक बाईला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी नकाशा डोक्यात घ्या. आपण ज्याला सरसकट "पिशवी" म्हणतो त्यात खरं तर वेगवेगळे भाग आहेत आणि प्रत्येकाचा कॅन्सर वेगळा, कारण वेगळं, तपासणी वेगळी. सगळ्यात बाहेर योनीमुखाची त्वचा, ती नुसत्या डोळ्यांनी बघायची. मग योनीमार्ग, त्याच्या टोकाला पिशवीचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स, तिथलं नमुना घेऊन बघायचं. त्याच्या आत पिशवीचं अस्तर, तिथे सोनोग्राफीत जाडी कळते पण खरं काय ते अस्तराचा तुकडा तपासल्यावरच. आणि दोन्ही बाजूला अंडाशय आणि नळ्या, तिथे सोनोग्राफी कामाची, पण तिथे आधीपासून पकडणारी खात्रीची तपासणी अजून जगात नाही. एवढं लक्षात राहिलं तरी पुढचं सोपं जाईल.

मॅडमसमोर बसल्यावर काय बोलायचं

आपल्याकडे बाई लाजते आणि सगळ्याला एकच शब्द वापरते, "अंगावरून जातंय." पांढरं जातंय की लाल, पाळीच्या दिवसांत की मधेच, वास येतो की नाही, काहीच सांगत नाही. सोबत सासूबाई किंवा मुलगा असेल तर अजूनच कमी बोलते. मग मॅडमनी दहा प्रश्न विचारून एकेक गोष्ट बाहेर काढायची, आणि बाहेर तीस पेशंट बसलेले असले की सगळे दहा प्रश्न विचारून होतातच असं नाही.

म्हणून घरून निघतानाच मोबाईलमध्ये किंवा कागदावर लिहून आणा. शेवटची पाळी कुठल्या तारखेला आली, पाळी गेली असेल तर किती वर्षं झाली, रक्त कधी दिसलं, संबंधानंतर डाग दिसतो का, घरात कुणाला स्तनाचा, अंडाशयाचा, पिशवीचा किंवा आतड्याचा कॅन्सर होता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. "मला पाळी जाऊन ६ वर्षं झाली आणि परवा लाल डाग दिसला" असं एक सरळ वाक्य बोललात तर तिथून पुढची दिशाच बदलते. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर काउंटरवर हळूच सांगा की मला एकटीला आत जायचंय, आम्ही करतो व्यवस्था, रोज करतो.

आणि आत तपासायला नको म्हणू नका प्लीज. "फक्त गोळ्या द्या, टेबलावर नको" असं म्हणणाऱ्या बायका रोज येतात, पण पिशवीचं तोंड बघितल्याशिवाय दिलेली गोळी ही अंदाजाने दिलेली गोळी आहे. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं मागा, खोलीत नर्स थांबू दे म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण हा कॅन्सर होण्याआधी पकडता येतो, आणि तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना नव्याने होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जणी त्याने जातात. हे आकडे वाचून मला राग येतो, कारण यातल्या कितीतरी जणींच्या आयुष्यात एकदाही कुणी पाच मिनिटांची तपासणी केलेली नसते.

कारण जवळपास नेहमी एकच, एचपीव्ही नावाचा व्हायरस. त्याचे खूप प्रकार आहेत, पण १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार मिळून साधारण ७० टक्के केसेस करतात. हा शोध लावणारे जर्मनीचे हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. व्हायरस शरीरसंबंधातून येतो, आणि इतका कॉमन आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला घालवतं, कळतही नाही. काही जणींमध्ये मात्र तो जात नाही, चिकटून राहतो, आणि तिथल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात, एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतं. धूम्रपानानेही धोका वाढतो. तर ही जी मधली वर्षं आहेत ना, तीच आपल्याला मिळालेली संधी आहे, कारण या काळात बाईला काहीही त्रास नसतो, पण तपासणीत बदल दिसतो.

त्रास नसताना करायची तपासणी तीन प्रकारची. पहिली व्हीआयए, यात पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं अॅसिटिक अॅसिड लावतात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि मिनिटभर थांबून बघतात. बदललेली जागा पांढरी दिसते. रिझल्ट तिथल्या तिथे, खर्च नगण्य, म्हणून सरकारी कार्यक्रमात हीच आहे, ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी. दुसरी पॅप, ब्रशने पेशी घेऊन काचेवर किंवा लिक्विडमध्ये लॅबला पाठवतात, दर ३ वर्षांनी. तिसरी एचपीव्ही टेस्ट, तोच ब्रश पण शोध व्हायरसचा, वयाच्या तिशीनंतर दर ५ वर्षांनी केली तरी चालते कारण ती जास्त पक्की आहे. परवडत असेल तर माझं मत एचपीव्ही टेस्टला. पण "चांगली करू, पैसे जमले की करू" म्हणत तीन वर्षं थांबण्यापेक्षा महापालिकेच्या केंद्रात या आठवड्यात व्हीआयए केलेली कधीही बरी. एक मात्र आहे, पाळी गेल्यानंतर जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे त्या वयात व्हीआयएवर फार भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा पॅप किंवा एचपीव्हीच मागा.

हे सगळं परदेशातलं ज्ञान आहे असं समजू नका. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर व्हीआयएचा अभ्यास केला, तपासणारे डॉक्टर नव्हते, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका होत्या, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आपल्याच गावाकडच्या, आपल्याच चाळींतल्या बायकांनी टेबलावर झोपून दिलेला हा पुरावा आहे, जगभर वापरला जातो.

तपासणीला येताना पाळी चालू नसावी, पाळी येऊन गेल्यावर आठवडाभराने या. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा क्रीम नको, आत पाणी मारून धुणं तर कधीच नको. उपाशी राहायची गरज नाही. लघवी करून टेबलावर जा. स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून वापरायचं उपकरण) आत घालतात तेव्हा दाब जाणवतो, श्वास तोंडाने हळू सोडला आणि कंबर टेबलाला टेकवून ठेवली तर त्रास खूप कमी होतो. नंतर एखादा डाग दिसला तर घाबरू नका.

आता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर. इथे बायका काउंटरवरच रडायला लागतात. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजेही नाही. पुढे कोल्पोस्कोपी करतात, म्हणजे मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रातून पिशवीचं तोंड बघतात आणि संशय वाटला तर छोटा तुकडा घेतात. रिपोर्टमध्ये सीआयएन १, २, ३ असं काहीतरी येतं, ते कॅन्सरच्या आधीचे टप्पे आहेत. १ बहुतेक वेळा आपोआप जातं, लक्ष ठेवतात. २ आणि ३ ला गोठवून किंवा उष्णता देऊन ती जागा नष्ट करतात, किंवा लीप नावाच्या पद्धतीने तारेच्या वेटोळ्याने तेवढाच भाग काढतात, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी. पिशवी शाबूत राहते, पुढे मूलही होऊ शकतं. पण त्यानंतर फॉलोअपला यायचंच, ते सोडायचं नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी कुणी मोठ्याने बोलत नाही. रिपोर्ट घरी गेला की नवऱ्यावर संशय, नाहीतर बाईवरच संशय. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर हे सांगा की व्हायरस अंगात कित्येक वर्षं गप्प राहू शकतो, आज सापडला म्हणजे आज लागला असं अजिबात नाही, त्यावरून कुणाच्याही वागण्याबद्दल काही सिद्ध होत नाही. मी स्वतः एका दादांना काउंटरच्या बाजूला घेऊन हे समजावलंय, पुढच्या वेळेला ते बायकोसोबत आले होते.

आता त्रास असेल तर काय. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, पाळी गेल्यानंतर रक्त, वास येणारं पाण्यासारखं किंवा लालसर जाणं. यातलं काहीही असेल तर ही स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसतानाची तपासणी, राहिली नाही, आता निदान करायचंय. मॅडमना आत बघताना पिशवीच्या तोंडावर गाठ किंवा सहज रक्त येणारी जखम दिसली तर सरळ बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करायची, नुसत्या पॅपवर थांबायचं नाही, कारण कॅन्सर असतानाही पॅप नॉर्मल येऊ शकते. "पिशवीच्या तोंडाला सूज आहे, शेक देऊन टाकू" (शेक म्हणजे ती जागा उष्णतेने जाळणं) असं कुणी म्हणालं तर शेक द्यायच्या आधी पॅप किंवा एचपीव्ही झालीय का हे नम्रपणे विचारा. तरुण वयात पिशवीचं तोंड लालसर दिसणं खूप कॉमन आहे आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं, पण आधी तपासणी, मग शेक. कंबर सतत दुखणं, एका पायाला सूज, लघवी अडणं ही उशिराची लक्षणं आहेत, तिथपर्यंत थांबूच नका.

लस

मुलीचं वय ९ ते १४ असताना लस दिली तर सगळ्यात चांगलं काम करते, कारण व्हायरसशी गाठ पडण्याआधी शरीर तयार होतं. आईला वाटतं "इतक्या लहान वयात कशाला, काय विचार करतील लोक." लहान वयातच द्यायची असते हाच त्याचा मुद्दा. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सर्व्हाव्हॅक ही लस बनवलीय, २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये बाजारात आली, १६ आणि १८ सोबत ६ आणि ११ या प्रकारांवरही चालते, ते दोन प्रकार चामखिळीसारखे मस्से करतात. गार्डासिल ही परदेशी लस आधीपासून आहेच. १५ वर्षांच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ नंतर तीन डोस. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ९ ते २० वयात एक डोसही चालू शकतो, तर तुमच्या मुलीला किती द्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा. शाळेत किंवा वॉर्डात मोफत लसीकरण आहे का याची चौकशी आशाताईंकडे किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात करा, विकत घ्यायच्या आधी.

मुलग्यांनाही देता येते. लस घेतल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवा, कधीकधी मुलींना इंजेक्शनच्या भीतीने चक्कर येते. या लसीने मूल होत नाही ही अफवा आहे, कृपया सोसायटीच्या ग्रुपवर असं काही आलं तर पुढे पाठवू नका. आणि लस घेतली म्हणून तिशीनंतरची तपासणी माफ होत नाही, कारण लस सगळ्या प्रकारांवर नाही.

पाळी गेल्यावर दिसलेलं रक्त

पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर एक थेंब जरी लाल, गुलाबी किंवा चॉकलेटी डाग दिसला तर डॉक्टरकडे जायचं. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. "उष्णता वाढली असेल", "पाळी परत आली, तरुण झाले मी" असं हसून सांगणाऱ्या काकू मी बघितल्यात. अशा दहा जणींमध्ये साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो, कोरडेपणा असतो, छोटा पॉलिप म्हणजे मांसल कोंब असतो. पण दहावी कोण ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर बहुतेक वेळा अशाच डागाने स्वतःची खबर देतो, तेही लवकर, म्हणून बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

यात आधी आतून सोनोग्राफी करतात, म्हणजे योनीमार्गातून. पाळी गेलेल्या बाईच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. त्याहून जाड असेल, किंवा पातळ असूनही रक्त परत परत येत असेल, तर अस्तराचा नमुना घेतात, ओपीडीतच बारीक नळीने, नाहीतर दुर्बिणीतून बघून. आपल्याकडे याला सगळे "क्युरेटिंग" किंवा "पिशवी साफ केली" म्हणतात आणि इथेच एक मोठी गडबड होते. साफ केली, रक्त थांबलं, बाई खूश, पण निघालेला तुकडा लॅबला पाठवलाच नाही किंवा रिपोर्ट कुणी आणलाच नाही! म्हणून डिस्चार्ज घेताना विचारा, हिस्टोपॅथॉलॉजीला (म्हणजे तुकडा तपासणाऱ्या लॅबला) काय पाठवलं, रिपोर्ट कधी, आणि तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका.

पाळी चालू असलेल्यांनाही हा कॅन्सर होतो. वजन जास्त, डायबेटिस, मूल नाही, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू, किंवा घरात आतड्याचे आणि पिशवीचे कॅन्सर, यातलं काही असेल तर जास्त सावध राहा. पीसीओएस (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होणं) असलेल्या मुलींनी तर नीट वाचा, पाळी चार-चार महिने येत नाही म्हणून "बरंय, कटकट नाही" असं म्हणू नका, अस्तर आत वाढत राहतं आणि त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरकडे जाऊन पाळी आणायच्या गोळ्या घ्या. पंचेचाळिशीनंतर एकदम जास्त जायला लागलं, पॅडवर पॅड भरतायत, गाठी पडतायत, तर "पाळी जायचं वय आहे, होतं असं" म्हणून वर्ष काढू नका, या वयातही तुकडा तपासून घ्यायचा असतो.

प्रतिबंध म्हणाल तर वजन आटोक्यात ठेवणं हाच मोठा उपाय. गर्भनिरोधक गोळ्यांनी अस्तराचा आणि अंडाशयाचा धोका कमी होतो, मात्र पाचेक वर्षांहून जास्त घेतल्या तर पिशवीच्या तोंडाचा थोडा वाढतो, म्हणून गोळ्या चालू असणाऱ्यांनी पिशवीच्या तोंडाची तपासणी टाळू नये.

अंडाशयाचा कॅन्सर, जो गॅस म्हणून फिरतो

हा मला सगळ्यात जास्त घाबरवतो. पोट फुगतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावंसं वाटतं. आता सांगा, यातलं काय आपल्या घरातल्या बाईला होत नाही? म्हणून ती आधी ओवा खाते, मग अॅसिडिटीची गोळी, मग फॅमिली डॉक्टर, मग पोटविकारतज्ज्ञ, आणि सहा महिने जातात. ओळखायची खूण म्हणजे हा त्रास तिच्यासाठी नवीन असतो आणि सारखा होतो, महिन्यातून बारा-तेरा दिवस किंवा जास्त. वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असेल आणि असं चालू असेल तर गायनॅककडे जाऊन सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करून घ्या. परकर घट्ट होतोय, सलवारची नाडी पुरत नाहीये पण हातपाय बारीक होतायत, असं असेल तर एक दिवसही थांबू नका, पोटात पाणी झालेलं असू शकतं.

सीए-१२५ बद्दल मात्र नीट समजून घ्या. ३५ पर्यंत नॉर्मल धरतात. पण पाळी चालू असताना, फायब्रॉइड (पिशवीच्या साध्या गाठी), चॉकलेट सिस्ट (अंडाशयात जुनं रक्त साठलेली गाठ), गरोदरपण, आणि आपल्याकडे कॉमन असलेला पोटाचा टीबी, या सगळ्यात तो वाढतो. पोटाच्या टीबीत तर पोटात पाणी आणि सीए-१२५ वाढलेला असं हुबेहूब कॅन्सरसारखं चित्र दिसतं, म्हणून नुसत्या आकड्यावरून कुणी कॅन्सर म्हणून मोकळं होऊ नये आणि तुम्हीही लॅबच्या पॅकेजमध्ये हौसेने ही टेस्ट करून रात्र रात्र जागू नका. त्रास नसलेल्या बायकांवर ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त जणींचा अभ्यास झाला, काहींचं दरवर्षी रक्त, काहींची सोनोग्राफी, २०२१ मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

तरुणपणी सोनोग्राफीत "सिस्ट" लिहून आली की लगेच घाबरायचं कारण नाही, पाणी भरलेल्या साध्या सिस्ट बहुतेक दोन-तीन पाळ्यांत विरतात. पण रिपोर्टमध्ये घट्ट भाग, आत पडदे, वाढलेला रक्तपुरवठा असं काही असेल किंवा पाळी गेलेली असेल तर ती सिस्ट सुईने रिकामी करून घेऊ नका, फोडू देऊ नका, आधी कॅन्सर सर्जनचं मत घ्या. कॅन्सर निघाला आणि गाठ आत फुटलेली असेल तर टप्पा वाढतो. लग्न न झालेल्या मुलींनाही अंडाशयाच्या गाठी होतात, त्यांना पोटावरून सोनोग्राफी करतात, वेगळ्या रक्ततपासण्या असतात, त्यामुळे "मुलगी आहे, गायनॅककडे कशाला" म्हणून टाळू नका.

घरात आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए जीनची (यात बिघाड असला तर हे कॅन्सर घराण्यात येतात) चौकशी करा. आणि वडिलांकडची आत्या, आजीही मोजा, हा जीन वडिलांकडूनही येतो, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. साधारण बाईला आयुष्यात हा कॅन्सर व्हायची शक्यता एक ते दीड टक्का असते, बीआरसीए-१ मध्ये बिघाड असेल तर ती चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. अशा बायकांना मुलं झाल्यावर अंडाशय आणि नळ्या काढायचा सल्ला देतात. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बाईनेही ही टेस्ट करावी, तिच्या मुलीबहिणींसाठी आणि तिच्या स्वतःच्या औषधांसाठीही. टाटा मेमोरियलमध्ये यासाठी कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे.

बाहेरची जागा, आणि एक दुर्मिळ प्रकार

बाहेरच्या जागेवर महिनोन्महिने खाज, पांढरा चट्टा, न भरणारी जखम, गाठ. वय झालेल्या आजीबाईंना हे जास्त होतं आणि त्या कुणालाच दाखवत नाहीत, मेडिकलमधून खाजेचं क्रीम आणून लावत राहतात. एक कोर्स करून खाज गेली नाही तर बघून घ्या, चट्टा असेल तर तुकडा तपासा. महिन्यातून एकदा आरसा धरून स्वतः बघायला काही हरकत नाही.

आणि द्राक्षगर्भ (बाळाऐवजी पिशवीत द्राक्षांसारखे फुगे वाढणं) झालेल्या मुलींनो, पिशवी साफ केल्यावर बीटा एचसीजी या गरोदरपणातल्या हॉर्मोनचं रक्त सांगितलंय तितके दिवस करत राहा, कारण काहींमध्ये तो परत वाढतो आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. हा कॅन्सर औषधाने जवळजवळ पूर्ण बरा होतो, फक्त वेळेत कळायला हवा. डिलिव्हरी किंवा अबॉर्शननंतर रक्त आठवडेच्या आठवडे थांबत नसेल तरी हीच टेस्ट विचारा.

पिशवी काढायच्या आधी

हे कळकळीने सांगते. "त्रास नको, पिशवीच काढून टाकू" हे आपल्याकडे फार पटकन ठरतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या इतक्या पिशव्या काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शहरातही कॅन्सरची भीती घालून पिशवी काढतात, आणि उलटही होतं, पिशवीच्या तोंडाची तपासणी न करता साधं ऑपरेशन करतात आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघतो. मग ते ऑपरेशन अपुरं ठरतं, कारण पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं, मोठं असतं, आणि पुढे गेलेला असेल तर ऑपरेशनच नसतं, केमोसोबत रेडिएशन असतं. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पॅप किंवा एचपीव्ही रिपोर्ट, आणि रक्तस्राव हे कारण असेल तर अस्तराचा तुकडा तपासल्याचा रिपोर्ट, हे दोन कागद फाईलमध्ये आहेत का बघा. नसतील तर दुसरं मत घ्या, डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी चालतील.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" हे मात्र मनातून काढा. पिशवीच्या तोंडाचा किंवा अस्तराचा तुकडा घेतल्याने काही पसरत नाही, त्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत.

बायोप्सीत काही निघालंच तर रिपोर्टच्या कागदासोबत लॅबमधून स्लाईड आणि तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलात ते परत तपासतात. तुमच्याजवळ असतील तर पुन्हा तुकडा काढायची वेळ बहुधा येत नाही. सीटी-एमआरआयच्या फिल्म, सीडी, आधार, रेशन कार्ड, सगळं एका पिशवीत. ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, इकडे वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळ आणि कामोठ्याची मेडिकल कॉलेजं, इथे तपासणी आणि बायोप्सी होऊ शकते. कॅन्सर पक्का झाला की परळचं टाटा किंवा खारघर सेक्टर २२ मधलं टाटाचंच अॅक्ट्रेक. तिथे बायका आणि मुलांच्या कॅन्सरसाठी वेगळी इमारत झालीय. ठाण्याहून पनवेल लोकल पकडली की खारघर स्टेशन, पुढे रिक्षा, दादरची गर्दी टाळता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजना कुठल्या हॉस्पिटलात आणि कुठल्या उपचाराला लागू आहे ते अॅडमिट होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटून विचारा, नंतर विचारून उपयोग होत नाही. पहिल्या दिवशी सोबत घरातलं एक माणूस न्या ज्याला लिहून घेता येतं, कारण कॅन्सर हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं डॉक्टर काय बोलले ते पेशंटला आठवत नाही, आणि रेडिएशन सुरू व्हायची तारीख, रक्ताच्या तपासण्या, कुठल्या खिडकीवर फाईल द्यायची हे सगळं त्याच दिवशी सांगतात.